पिल्लाला नाव आणि हाक शिकवणे : तीन भाषांच्या घरात शब्द कोणता ठेवावा?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात घरी लॅब्रेडॉरचं काळं पिल्लू येतंय. नाव "सोन्या" ठरलंय. घरात मराठी बोलणारे चौघे, आजी तेलुगू बोलते, आणि दिवसभर घरी असणाऱ्या मावशी कन्नड. म्हणजे बोलावताना कोणी "ये" म्हणणार, कोणी "रा", कोणी "बा". हे चालेल का, की सगळ्यांनी एकच शब्द धरावा? धरायचा तर कोणता? आणि नाव शिकवायला सुरुवात नेमकी कशी करायची? घराला पुढे छोटं अंगण आहे, फाटक थेट रस्त्यावर उघडतं, म्हणून हाकेला येणं लवकर पक्कं व्हायला हवंय.

शेळगीकर
शब्दाचं नंतर बघू. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. नाव आणि हाक ही दोन वेगळी कामं आहेत. नाव म्हणजे "माझ्याकडे बघ". हाक म्हणजे "आहेस तिथून निघ आणि माझ्या पायापाशी ये". नुसतं नाव घेऊन पिल्लाने धावत यावं अशी बहुतेक घरांत अपेक्षा असते आणि तिथेच सगळं बिघडतं. दिवसभर आपण त्याचं नाव घेतो ते त्याला बोलावण्यासाठी नसतंच. "सोन्याने शू केली", "सोन्याला खायला घातलं का", "सोन्या, ते सोड". यातलं एकही बोलावणं नाही. पिल्लू दोन दिवसांत शिकतं की हा आवाज आला तरी काही होत नाही.

अक्का_होटगी
शेळगीकरांशी सहमत. आणि "सोन्या" हे नाव तर कृपा करून ठेवू नका. आपल्या घरांत लहान मुलाला, भाच्याला, नातवाला सगळ्यांनाच सोन्या, राजा, बाळा, पिल्लू म्हणतात. त्या प्रत्येक वेळी कुत्र्याचे कान उभे राहतात, त्याच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि शेवटी ते ऐकणं सोडून देतं.
नाव दोन ठोक्यांचं असावं, क-ट-ड असल्या टणक अक्षरांचं, आणि घरातल्या कोणाच्या लाडक्या नावाशी यमक न जुळणारं.

पशुवैद्य_विजापूररोड
पिल्लू किती दिवसांचं आहे ते आधी सांगा. बरेच जण ३०-३५ दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून हातात देतात. ते घेऊ नका. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू भावंडांबरोबर खेळताना शिकतं. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विपणन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताही येत नाही.

दुसरं, लसी. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, साधारण १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची ३ महिने पूर्ण झाल्यावर. पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, मैदानात, तलावाकाठी पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही. पण याचा अर्थ शिकवणं थांबवायचं असा नाही. नवीन गोष्टी सहज स्वीकारण्याचं वय ३ ते १४ आठवड्यांचं असतं. नाव आणि हाक घरातच शिकवा, बाहेरचं जग कडेवर घेऊन दाखवा.

जुळे_सोलापूर
येईल त्या दिवशी ते बरोबर ५६ दिवसांचं असेल, पहिली लस झालेली आहे. "सोन्या" रद्द. आता पायरीपायरीने सांगाल का कोणी?

माळरान
नावाचं सांगतो.

जागा: घरातली सर्वांत शांत खोली. टीव्ही बंद, फक्त एक माणूस. वेळ: जेवणाआधी, पिल्लू झोपेतून उठून शू करून आलेलं असताना. झोपलेल्या किंवा खात असलेल्या पिल्लाला नाव घेऊन सराव करू नका.

पहिले १५-२० वेळा काहीच अपेक्षा ठेवायची नाही. नाव घ्यायचं, लगेच खाऊ तोंडाशी. नाव, खाऊ. नाव, खाऊ. आवाज नेहमीचा, थोडा आनंदी. क्रम मात्र चुकवू नका, आधी नाव आणि मग हात हलवायचा. हात खिशाकडे आधी गेला तर पिल्लू हात बघायला शिकतं, नाव ऐकायला नाही.

मग ते दुसरीकडे बघत असताना हातभर अंतरावरून नाव एकदाच घ्या. मान वळली, नजर मिळाली, की त्याच क्षणी एक ठरलेला छोटा आवाज करा आणि सेकंदाच्या आत खाऊ द्या. हा आवाज म्हणजे "हेच हवं होतं" अशी खूण. १० वेळा झालं की थांबायचं. दोन-तीन मिनिटांचे असे तीन-चार सराव दिवसभरात पुष्कळ झाले. दोन सेकंदांत वळलं नाही तर नाव पुन्हा घेऊ नका. जिभेने "च्-च्" करा किंवा जमिनीवर बोटं वाजवा, वळलं की खाऊ द्या, आणि पुढची खेप आणखी जवळून करा. "मोती, मोती, मोती, अरे मोती" असं केलं तर पिल्लाच्या लेखी नाव चार वेळा म्हटल्यावर पूर्ण होतं.

१० पैकी ८ वेळा पहिल्याच हाकेला मान वळायला लागली की खोली बदला, मग माणूस बदला, मग पाठीमागून हाक मारा. बहुतेक पिल्लं तीन-चार दिवसांत एवढ्यावर येतात.

सम्राट_चौक
खुणेचा आवाज "हां" ठेवू नका. फोनवर बोलताना आपण मिनिटाला दहा वेळा "हां… हां…" म्हणतो. "शाब्बास" लांब पडतो, तो पूर्ण होईपर्यंत पिल्लू भलतीकडे बघायला लागलेलं असतं. जिभेने टाळूवर "टॉक" करणं सर्वांत बरं. तो आवाज घरात दुसरं कोणी कशासाठीच काढत नाही.

कडकभाकरी
खाऊ काय द्यायचा ते कोणी लिहिलंच नाही, आणि निम्म्या लोकांचं गाडं तिथेच अडतं.

सोलापुरात पहिला हात कडक भाकरीकडे जातो. भाकरी पिल्लाला बाधत नाही, पण या कामाला कुचकामी आहे. तुकडा तोंडात चुरतो, चुरा जमिनीवर सांडतो, आणि पिल्लू पुढची दोन मिनिटं फरशी हुंगत बसतं. तोवर तुमचा सराव संपला. खाऊ मऊ हवा, वासाचा हवा, आणि एका सेकंदात गिळता येईल एवढा, म्हणजे अर्ध्या हरभऱ्याइतका.

बिनमिठाची उकडलेली कोंबडी सर्वांत चांगली. १०० ग्रॅमचे अर्ध्या ग्रॅमचे २०० तुकडे होतात. फ्रीजमध्ये दोन दिवसांचं ठेवा, उरलेलं फ्रीजरमध्ये. शाकाहारी घर असेल तर पनीरचे बारीक तुकडे. घरात पिल्लांचा तयार खाऊ येत असेल तर रोजच्या मापातलेच दाणे वेगळे काढून घ्या.

शेंगाचटणी लागलेलं काहीही नको. लसूण, तिखट, मीठ तिन्ही वाईट. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट हे कुत्र्यांना विषारी आहे, "एवढंसं दिलं तर काय होतं" म्हणू नका. खारे दाणे, पेढाही नको.

पशुवैद्य_विजापूररोड
कडकभाकरी यांनी नेमकं लिहिलंय. मापाचं जोडतो. सरावाचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. ५ किलोच्या, दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ७०० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या ७० म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास कोंबडी, ८० तुकडे. सकाळीच वाटीत मोजून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा सराव संपला, मग कोणी कितीही हट्ट केला तरी.

शेळगीकर
आता हाक.

पहिले दोन दिवस पुन्हा नुसती जोडणी: शब्द, खाऊ. मग पिल्लू दोन पावलांवर असताना नाव घ्या, नजर मिळाली की हाकेचा शब्द एकदाच, आणि लगेच दोन पावलं मागे सरका. मागे सरकणं महत्त्वाचं आहे. पिल्लू लांब जाणाऱ्याच्या मागे धावतं, आणि अंगावर येणाऱ्यापासून पळतं.

खाली बसा, पण समोरून वाकून नको, थोडं अंग तिरकं करून. हात गुडघ्याशी, खाली. ते आलं की एका हाताने गळपट्ट्याला स्पर्श करा, धरलेला असतानाच दुसऱ्या हाताने तीन-चार तुकडे एकेक करून द्या. एकदम मूठ नको. चार तुकडे दहा सेकंद पुरतात, त्या दहा सेकंदांत तुमच्या पायाशी थांबणं त्याच्या अंगवळणी पडतं. मग पट्टा सोडा आणि "जा, खेळ" म्हणून पाठवा.

हा पट्ट्याचा भाग गाळला की सहा महिन्यांनी तक्रार येते, "येतो, पण हातभर अंतरावरून हुलकावणी देतो". कारण तोवर हात पट्ट्याकडे गेला की खेळ संपतो एवढंच त्याला कळलेलं असतं. म्हणून नुसता पट्टा धरून खाऊ द्यायचा सरावही रोज १० वेळा वेगळा करा. हात डोक्यावरून न आणता हनुवटीखालून न्या.

अक्का_होटगी
आणि बोलावून कधीच दगा द्यायचा नाही. अंघोळ, नखं, गोळी, कानात औषध, पिंजऱ्यात कोंडणं, खेळ संपवून घरात नेणं, यांतल्या कशासाठीही हाकेचा शब्द वापरू नका. अशा वेळी तुम्हीच उठून जा आणि उचलून आणा. उशिरा आलं म्हणून रागावू तर अजिबात नका. पिल्लाला उशीर कळत नाही, आल्यावर बोलणी बसली एवढंच कळतं.
दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा परत खेळायला सोडा.

गावाकडचा
एवढं सगळं कशाला? आपल्याकडे पिढ्यानपिढ्या "यूऽ यूऽ" केलं की कुत्रं येतंय. भाकरतुकडा टाकायचा, झालं.

शेळगीकर
@गावाकडचा, "यू यू" चालतं कारण त्या आवाजामागे दर वेळी भाकरतुकडा असतो. आम्ही वर लिहिलंय ते तेच आहे. शहरात अडचण एवढीच की गल्लीतला प्रत्येक जण प्रत्येक कुत्र्याला "यू यू" करतो, कधी तुकडा देतो, कधी दगड. म्हणून घरच्या कुत्र्याचा शब्द वेगळा हवा. आणि घरात बाहेरच्या कुत्र्यांना "हाड, हाड" ओरडत असाल तर पिल्लू शेजारी असताना टाळा. ते दचकतं, आणि फाटकाजवळ तुमचा आवाज चढला की आपल्यालाच हाकलताहेत असं समजतं.

गावाकडचा
हे पटलं.

कारवानी
लॅबला हे सगळं लवकर जमतं, ते खाण्यावर टपलेलं असतं. कारवानी, पश्मी किंवा मुधोळ असेल तर हिशेब वेगळा. ही नजरेने शिकार करणारी कुत्री. माळावर ससा किंवा शेळीचं करडू पळताना दिसलं की कान बंद झाल्यासारखे होतात. एकदा सुटल्यावर हाक मारून उपयोग नाही, उलट "हाक आली तरी पळत राहायचं" याचाच सराव होतो. हाक सुटण्याआधी मारायची. कान पुढे येतात, मान ताठ होते, एक पंजा उचललेला राहतो. ते एक-दोन सेकंद तुमचे. त्यात वळलं तर खाऊ नको, दोरीवरच्या चिंध्यांचा गोळा जमिनीवरून ओढत पळा आणि पाठलाग करू द्या. त्यांचं बक्षीस पाठलाग हेच आहे.

निवारवाले
लांब दोरी कोणीच काढली नाही. फाटक रस्त्यावर उघडतंय म्हटल्यावर ती आधी आणा.

नायलॉनची दोरी नको, हातातून सरकली की कातडं सोलते. खाटेची सुती निवार घ्या. लहान पिल्लाला ती जड होते, तोवर जाड सुती नाडी चालते. एका टोकाला स्प्रिंगची कडी शिवून घ्या, गाठ मारू नका. दुसऱ्या टोकाला फासा किंवा गाठ काहीही नको, ते दगडात, फाटकाच्या फटीत अडकतं. लांबी ५ मीटरपासून सुरू करून पुढे १० मीटर. कारवानीसारख्या वेगवान कुत्र्याला ५ मीटरच ठेवा, १० मीटर धावल्यावर बसणारा हिसका फार मोठा असतो.

कडी गळपट्ट्याला लावू नका, छातीच्या पट्ट्याला पाठीवर लावा. दोरी हाताला गुंडाळू नका. ती जमिनीवर घसटत राहू द्या आणि गरज पडली तर पायाने दाबा. दोरी ओढून पिल्लाला आणायचं नसतं. दोरीचं काम एवढंच की हाक मानली नाही तर त्याला दुसरीकडे मजा मिळू नये. थांबवा, जवळ जा, नाकासमोर खाऊ दाखवत मागे सरका, आणि पुढची हाक निम्म्या अंतरावरून मारा.

सम्राट_चौक
उन्हाचंही ध्यानात ठेवा. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो. गच्चीवरची फरशी, डांबर सकाळी नऊलाच तापतं. हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पिल्लाचे पंजेही भाजणार. सराव सकाळी सहा ते सात. संध्याकाळी अंधार पडला तरी फरशी गरम असते, तेव्हाही हात लावूनच बघा.

पूर्वभाग
आमच्या भागात घरालगत यंत्रमाग चालू असतात. त्या खडखडाटात पाच पावलांवरची हाक ऐकू जात नाही आणि माणसं ओरडायला लागतात. ओरडलेला शब्द पिल्लाला वेगळाच वाटतो. म्हणून शब्दाबरोबर पहिल्या आठवड्यापासून हाताची खूण जोडा. उजवा हात बाजूला पूर्ण ताणून छातीशी आणायचा. आधी खूण, अर्ध्या सेकंदाने शब्द. काही दिवसांनी नुसत्या खुणेवर येतं. अंगण मोठं असेल तर शिट्टीही चालते, पण एक लांब शिट्टी नको, ती कुकरसारखी वाटते. तीन तुटक, "पीप-पीप-पीप".

शाहिस्ता_चौपाड
नाव घेतल्यावर पिल्लू अजिबात वळत नसेल तर हट्टी समजण्याआधी कान तपासा. ते झोपलेलं असताना मागून, वारा आणि थरथर जाणवणार नाही इतक्या अंतरावरून टाळी वाजवा. पांढऱ्या पिल्लांत, डाल्मेशियनमध्ये विशेषतः, जन्मतः बहिरेपण आढळतं. अशा पिल्लाला वरची हाताची खूण हीच हाक.

जुळे_सोलापूर
इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. नाव "बुक्का" कसं वाटतं? रंगाला शोभतं आणि दोन ठोक्यांचं आहे. आणि मूळ प्रश्न राहिलाच: "ये", "रा" की "बा"?

पूर्वभाग
"बुक्का" नको. तेलुगूत कुत्र्याला "कुक्क" म्हणतात. आजी रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याकडे बघून "कुक्क" म्हणणार आणि तुमचं पिल्लू दर वेळी मान वळवणार.

शब्दाचं म्हणाल तर तिन्ही बाद करा. "ये" आपल्या प्रत्येक वाक्यात आहे: घेऊन ये, जाऊन ये, ये ना. "रा" इतका छोटा की गोंगाटात हरवतो. आणि "बा" सोलापुरात? "काय बे", "चल बे", "बस बे", दिवसभर चालू! "बा" आणि "बे" यांतला फरक पिल्लाने किती सांभाळायचा?

"इकडे" ठेवा. तेलुगूत "इथे"ला "इक्कड" म्हणतात, "इक्कड रा" म्हणजे इकडे ये. आजींना नवीन शब्द शिकायलाच नको, फक्त पुढचा "रा" सोडायचा. त्यांच्या तोंडचं "इक्कड" आणि तुमचं "इकडे" कानाला जवळजवळ एकच.

अक्का_होटगी
किती छान! कन्नडमध्ये मात्र "इल्ली बा", ते जुळत नाही. पण मावशींना "इकडे" अवघड नाही, सोलापुरात राहून रोज ऐकतातच. फक्त त्यांनाही सरावात घ्या. पिल्लू एका माणसाकडून शिकलेलं दुसऱ्याच्या आवाजात आपोआप ओळखत नाही. आजी, मावशी, मुलं, प्रत्येकाने आपल्या आवाजात ती पहिली २० वेळची जोडणी स्वतः करायची.

माळरान
त्यासाठी सोपा खेळ. सगळे खोलीत गोल बसा, प्रत्येकाकडे दहा तुकडे. एकाने पिल्लाला छातीशी हलकं धरायचं, दुसऱ्याने नाव आणि "इकडे" म्हणायचं, मग पहिल्याने सोडायचं. धरलेल्या पिल्लाची ओढ वाढते आणि ते सुसाट येतं. पाच-सहा खेपा झाल्या की बंद. मुलांना एकच नियम: दोघांनी एकाच वेळी हाक मारायची नाही.

निवारवाले
पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर एक दिवस "इकडे" ऐकून पिल्लू तुमच्याकडे बघेल आणि खुशाल उलट्या दिशेला जाईल. वयात येताना हे होतंच. विसरलेलं नसतं, बाहेरचं जग जास्त गोड लागतं. तेव्हा पुन्हा लांब दोरी, पुन्हा कोंबडी, पुन्हा कमी अंतर. आणि शब्द खराब झालाच, म्हणजे दहापैकी पाच वेळाही येत नाही अशी वेळ आली, तर तो दुरुस्त करत बसू नका. नवा शब्द घ्या आणि पहिल्या दिवसापासून सुरू करा.

पशुवैद्य_विजापूररोड
संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, होम मैदानावर दारूकाम होतं, त्या रात्री आणि दिवाळीत हाकेवर विसंबू नका. घाबरलेलं कुत्रं खाऊही घेत नाही आणि आवाजही ओळखत नाही. फाटकाला कुलूप, पिल्लू आतल्या खोलीत, गळपट्ट्यावर फोन नंबर.

जुळे_सोलापूर
ठरलं. नाव "डमरू", शब्द "इकडे", खुणेचा आवाज जिभेचा "टॉक". कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावतोय, मावशींसाठी कन्नडमध्येही. पाच मीटरची सुती नाडी आणि कडी आणली. एकच शंका: रात्री दोनला शू करायला अंगणात नेल्यावर परत आत आणताना "इकडे" म्हणायचं का?

शेळगीकर
पहिले दोन आठवडे नको. त्या वेळी त्याला झोप येत असते आणि तुम्हालाही, खाऊची वाटी आत राहिलेली असते. नाडी लावूनच न्या, शू झाली की तिथेच एक तुकडा द्या आणि उचलून आत आणा.